घरचं रेसिंग क्वाड, पुढे कलणाऱ्या मोटरा: दोन सर्वो लावू की चार?

घिरट्या
शुक्रवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथे पतंगापासून पवनचक्कीपर्यंत सगळ्यावर धागे निघतात, म्हणून हाही इथेच काढतो.

गेले पाच महिने जेवणं उरकली की धायरीच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल माझं असतं. सोल्डरचे थेंब पडून सनमायका जळू नये म्हणून आईने त्यावर एक उरलेली शहाबादी फरशी ठेवून दिलीय. त्या फरशीवर सध्या पाच इंची प्रॉपचं (पंख्यांचं) एक रेसिंग क्वाड, म्हणजे चार मोटरांचं ड्रोन, उभं आहे, आणि त्याच्या चारही मोटरा उडता उडता पुढे कलतात.

कशासाठी हा खटाटोप? साध्या क्वाडमध्ये मोटरा अंगाला जखडलेल्या असतात. पुढे जायचं तर सगळं अंग पुढे झुकवावं लागतं, आणि पूर्ण वेगात ते ६० अंशांच्याही पुढे झुकतं. मग वरची सपाट पाटी आणि त्यावरची बॅटरी वाऱ्याला आडवी येते. शिवाय कॅमेरा ३०-४० अंश वर करून बसवावा लागतो, त्यामुळे हळू उडवताना आणि उतरवताना कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या गॉगलमध्ये निम्मं आकाशच दिसतं. मला अंग आडवं ठेवून नुसत्या मोटरा कलवायच्या आहेत. थांबायचं झालं की त्याच मोटरा मागे कलवून ब्रेकही मारता यावा.

मोटरा २२०७ मापाच्या, १७५० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला तितके फेरे). बॅटरी सहा सेलची, १३०० एमएएच. पुढच्या दोन मोटरा ८ मिमी कार्बन नळीच्या दोन टोकांना आणि मागच्या दोन दुसऱ्या तशाच नळीला. प्रत्येक नळी दोन बेअरिंगांत फिरते आणि तिला एमजी९० जातीचा, धातूच्या दात्यांचा एक सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी छोटी मोटर) आहे. रेडिओवरची एक खुंटी फिरवली की पुढे कल सध्या ० ते ४५ अंश. बॅटरीसकट वजन ८६० ग्रॅम भरलं. मेंदू, म्हणजे फ्लाइट कंट्रोलर बोर्ड, बीटाफ्लाइट या सॉफ्टवेअरवर चालणारा.

भोरच्या अलीकडे मामांचं शेत आहे, भात काढून झालेलं. गेल्या रविवारी तिथे नेलं. नाक जराही न झुकवता ते पहिल्यांदा पुढे सरकलं तेव्हा मामा बांधावरून ओरडले, "अरे, हे तर एसटीसारखं आडवं चाललंय!" पाच महिन्यांचं सगळं त्या एका वाक्यात वसूल झालं.

आता अडचण. १५ अंशांपर्यंत काही वाटत नाही. २५-३० च्या पुढे उजवीकडे रोल दिला (अंग बाजूला कलवलं) की नाकही उजवीकडे ओढलं जातं. नुसता यॉ दिला (नाक डावी-उजवीकडे वळवलं) तर अंग उलट्या बाजूला कलतं. जोरात वळवलं की ते दोन-तीनदा थरथरतं आणि मगच सावरतं. चौथ्या बॅटरीला मात्र मी खुंटी झटकन फिरवली आणि सगळंच बंद पडलं. साधारण १२ मीटरवरून ते ढेकळांत आदळलं. एक नळी तुटली, एक सर्वो गेला.

म्हणून विचारतो: यापुढे दोनच सर्वो ठेवू की चारही मोटरांना वेगळा सर्वो देऊ? आणि या रोल-यॉच्या गुंत्याचं काय करू?


सोल्डर_सखाराम
शुक्रवार, रात्री ११:५८

आधी पडण्याचं बघा, बाकीचं नंतर. सर्वोंना ५ व्होल्ट कुठून दिलेत? फ्लाइट कंट्रोलरच्याच ५ व्होल्टच्या टाक्यावरून घेतले असतील तर खुंटी झटकल्यावर दोन्ही सर्वोंनी एकदम करंट ओढला, व्होल्टेज खाली बसलं आणि मेंदू हवेतच पुन्हा चालू झाला. ब्लॅकबॉक्सची (उड्डाणाची) नोंद मधेच तुटली असेल तर शंभर टक्के हेच.


घिरट्या
शनिवार, सकाळी ७:१०

@सोल्डर_सखाराम, आत्ता उघडून पाहिलं. नोंद हवेतच संपते, जमिनीवर आदळल्याचा धक्का त्यात उमटलेलाच नाही. आणि हो, सर्वो कंट्रोलरच्याच टाक्यावर होते.


सोल्डर_सखाराम
शनिवार, सकाळी ७:४५

मग झालं तर. सर्वोंना स्वतंत्र बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा छोटा बोर्ड) द्या, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा. ग्राउंड मात्र दोघांचं एकच. सर्वोच्या तारांवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, उभ्या उभ्या मिळेल, फक्त १० व्होल्टचा किंवा त्यावरचा मागा. ६.३ चा कुणी हातात ठेवला तर घेऊ नका.

आणि टेबलावर असताना प्रॉप काढल्याशिवाय बॅटरी लावायची नाही. माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर सात टाके आहेत, म्हणून प्रत्येक धाग्यावर हे लिहितो.


मुठाकाठ
शनिवार, सकाळी ८:०२

वाचनखूण साठवली. वाचतोय.


तीन_पंखी
शनिवार, सकाळी ९:३०

मी बरीच वर्षं ट्रायकॉप्टर उडवलं. केके२ जातीचा कंट्रोलर बोर्ड, तीन मोटरा, आणि मागची मोटर एका सर्वोवर डावी-उजवी कलणारी, कारण ट्रायकॉप्टरला यॉ त्यातूनच मिळतो. म्हणजे तुमच्या चार दुखण्यांपैकी एक मी रोज भोगलंय.

सर्वोच्या दात्यांत जी बारीकशी ढिलाई असते, तीवरच सगळा खेळ अडतो. हातात धरून हलवलं तर जेमतेम एक अंश वाटते. पण वर प्रॉप फिरायला लागला की ती मोटर त्या एका अंशात सतत थडथडते आणि ती थडथड जायरोला (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरला) कंप म्हणून दिसते. मग पीआयडी (मेंदूतलं तोल सावरणारं गणित) उगाच तिच्यामागे धावतो, मोटरा तापतात.

दुसरं, साध्या सर्वोला सेकंदाला ५० वेळाच आज्ञा जाते. तुमचा बीटाफ्लाइट त्याच वेळात जायरो हजारो वेळा वाचतो. म्हणजे तोल सांभाळायचं काम सर्वोकडे कधीच द्यायचं नाही, त्याने फक्त सावकाश कल बदलायचा. तोल मोटरांच्या वेगानेच सांभाळला गेला पाहिजे. त्यामुळे माझं मत दोनच. जमलं तर एकच.


चौघडा
शनिवार, सकाळी १०:१५

तीन_पंखी यांच्याशी असहमत. ५० हर्ट्झ ही जुन्या सर्वोंची गोष्ट झाली, डिजिटल सर्वो ३३३ हर्ट्झवर चालतात. चार सर्वो असले तर डावीकडच्या मोटरा थोड्या पुढे आणि उजवीकडच्या थोड्या मागे कलवता येतात. असा यॉ मिळतो की साधं क्वाड त्याच्या जवळपासही येणार नाही. साध्या क्वाडचा यॉ प्रॉपच्या उलट्या पिळावर चालतो आणि तो फार अशक्त असतो. मोटरा कलवायच्याच आहेत तर त्यातला हा सगळ्यात मोठा फायदा का सोडायचा?


तीन_पंखी
शनिवार, सकाळी १०:४०

@चौघडा, फायदा मान्य. पण आज्ञा ३३३ वेळा गेली म्हणून दाते तितक्यांदा हलत नाहीत. एमजी९० ला मोकळ्यात ६० अंश जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, वर मोटर आणि फिरता प्रॉप असला की त्याहून जास्त. आणि चारांपैकी एक जरी हवेत अडकला तर काय होईल?


बाल्सा_आजोबा
शनिवार, दुपारी १२:०५

घिरट्या, तुझा धागा नातवाने वाचून दाखवला, मग मी स्वतः दोनदा वाचला. आमच्या वेळी रेडिओ परवडायचा नाही. दोन पोलादी तारांवर विमान गोल गोल फिरवायचं, मिथेनॉल आणि एरंडेलावर चालणारं इंजिन. संध्याकाळी घरी आलं की शर्टाला एरंडेलाचा वास, आणि आमची आई तो शर्ट वेगळा भिजवायची. तुझ्या आईने फरशी दिली हे वाचून तेच आठवलं.

ढिलाईवर आमचा उपाय सांगतो. पियानो वायरची दांडी, तिला टोकाला झेड आकाराचा बाक, आणि सर्वोच्या हाताला एकाच बाजूने कायम ओढणारं एक रबर किंवा हलकी स्प्रिंग. दात्यांमधली फट तशीच राहते, पण दाते नेहमी एकाच अंगाला टेकलेले राहतात, त्यामुळे खडखड होत नाही. सर्वोला थोडा जास्त भार पडतो तेवढाच.

आणि दोन नळ्यांना दोन सर्वो कशाला? दोन्ही नळ्यांना सारख्या लांबीचे कान काढ आणि त्यांना एका दांडीने जोड. आगगाडीच्या इंजिनाची चाकं जशी एका दांडीने बांधलेली असतात, तसं. एक सर्वो ओढेल, दोन्ही नळ्या बरोबरच कलतील.


नेहा_टूलरूम
शनिवार, दुपारी २:२०

आजोबा, नमस्कार. तुमची दांडीची कल्पना मला फार आवडली. अमेरिकेच्या व्ही-२२ ऑस्प्रे या कलत्या पंख्यांच्या विमानात, जे १९८९ साली पहिल्यांदा उडालं, दोन्ही टोकांचे पंखे पंखातून जाणाऱ्या एका शाफ्टने जोडलेले असतात. एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं दोन्ही पंखे फिरवतं. तिथे जोडलेली असते ताकद आणि इथे जोडायचाय कल, पण दोघांनी एकमेकांना सोडायचं नाही ही गरज तीच आहे.

मी भोसरीत टूलरूममध्ये आहे, म्हणून घिरट्या यांना काही हातची कामं सांगते.

मोटरांचे माउंट (बैठका) थ्रीडी प्रिंटरवर कशाचे छापलेत? पीएलए प्लास्टिक असेल तर बदला. पीएलए ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेलं माझ्या भावाचं क्वाड आम्ही बाहेर काढलं, तर चारही माउंट मेणबत्तीसारखे वाकले होते, आणि ते तर उडालंही नव्हतं. तुमच्या मोटरा त्याहून तापतात. पीईटीजी घ्या, ते ८० पर्यंत तग धरतं. नायलॉन त्याहून चांगलं, पण छापण्याआधी नीट वाळवावं लागतं.

कलाच्या दोन्ही टोकांना पक्का अडसर द्या, ३ मिमीची डॉवेल पिन. सर्वो तुटला तरी मोटर अडसराच्या पलीकडे लोंबकळता कामा नये.

नळी कापताना मास्क लावा आणि पाणी सोडत कापा. कार्बनची धूळ डोळ्यांनी दिसते त्यापेक्षा जास्त आत जाते, आणि ती वीज वाहते. कापून झाल्यावर त्याच टेबलावर ईएससी (मोटरांचा वेग सांभाळणारा बोर्ड) उघडा ठेवलात तर ती धूळ त्यातही शिरेल. म्हणजे फरशी पुसून घ्या.

आणखी एक. बॅटरी वर बांधलीय का खाली? नळ्यांच्या रेषेपेक्षा वजनाचा मध्य खाली असेल, तर मोटरा पुढे कलल्या की ओढ वरून लागते आणि नाक खाली जातं. बॅटरी अशी बांधा की वजनाचा मध्य नळ्यांच्या पातळीत येईल.


घिरट्या
शनिवार, दुपारी ३:०५

नेहाताई, बॅटरी खालीच होती! पुढे कलवताना नाक किंचित दबत होतं आणि मी ते दर वेळी स्टिकने सावरत होतो. मला वाटायचं ट्यूनिंगचा दोष आहे. माउंट पीएलएचेच आहेत, आज रात्री पीईटीजी लावतो.

आजोबा, रबराची युक्ती आजच करून बघतो. इंजिनाच्या चाकांचं उदाहरण डोक्यातून जात नाहीये.


वेगवेडा
शनिवार, सायंकाळी ६:३०

मी जरा उलटं बोलतो, राग नसावा. वेगच हवा असेल तर मोटरा कलवण्याची गरजच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ल्यूक आणि माइक बेल या बाप-लेकांचं पेरेग्रीन २ बघा. २०२४ मध्ये त्याने ताशी ४८०.२३ किलोमीटरचा गिनेस विक्रम केला. त्यात कलणारं काहीच नाही, एकही सर्वो नाही. अंगच बंदुकीच्या गोळीसारखं उभं केलंय. क्वाड पुढे झुकलं की ती गोळी आपोआप वाऱ्याला सरळ होते आणि चिरत जाते. तुम्ही दीडशे ग्रॅम नळ्या, बेअरिंग आणि सर्वो वाहून नेताय. तेवढ्या वजनात एक छान कवच होईल.


घिरट्या
शनिवार, सायंकाळी ७:१५

@वेगवेडा, राग कसला. पेरेग्रीनचे व्हिडिओ मी रात्र रात्र पाहिलेत. पण तो विक्रम सरळ रेषेतला आहे. मला शर्यतीतल्या दरवाजांमधून जायचंय. दरवाजाआधी वेग मारायचा, वळायचं, लगेच पुन्हा धावायचं. गोळीला थांबायचं झालं तर सगळी गोळी मागे फिरवावी लागते. माझ्या मोटरा अंगाला न हलवता मागे कलतील. मला त्या थांबण्याचीच ओढ जास्त आहे.


वेगवेडा
शनिवार, सायंकाळी ७:४०

हे पटलं. ब्रेकचं मी विचारात घेतलं नव्हतं. पण मग एक सांगून ठेवतो. साधं क्वाड पुढे झुकतं तेव्हा त्याच्या मागच्या मोटरा वर उचलल्या जातात आणि त्यांना बऱ्यापैकी मोकळी हवा मिळते. तुमचं अंग आडवं, म्हणजे पुढच्या प्रॉपनी मागे फेकलेली हवा वेगात असताना थेट मागच्या प्रॉपच्या तोंडात. ऑस्प्रेचे पंखे शेजारी-शेजारी आहेत, त्याला हा त्रास नाही. मागची नळी वर घ्यावी लागेल, माझी खात्री आहे.


शेंडेफळ
शनिवार, रात्री ९:००

अवांतर: हे पुण्यात कुठे उडवता येतं? आमच्या वेताळ टेकडीवर सकाळी एक मुलगा उडवत होता.


बावधनकर
शनिवार, रात्री ९:३५

टेकडीवर कृपया नको. तिथे सकाळी माणसं फिरतात, मोर आहेत, आणि फेब्रुवारीपासून गवत इतकं वाळलेलं असतं की फुटलेली एक लिपो बॅटरी अख्खा उतार पेटवेल.

शिवाय पुणं या बाबतीत अवघड गाव आहे. लोहगाव हवाई दलाचं, खडकवासल्याला एनडीए, खडकी, देहूरोड, दक्षिण मुख्यालय. हडपसरला ग्लायडिंग सेंटर. उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाचा नकाशा उघडायचाच. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये हीच मर्यादा २०० फूट होते, आणि ८ च्या आत परवानगीशिवाय नाहीच. लाल पट्ट्यात तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकू नका.

८६० ग्रॅम म्हणजे २५० ग्रॅम ते २ किलोचा मायक्रो वर्ग. हौसेसाठी उडवताना पायलटचा परवाना लागत नाही, पण नोंदणी आणि तिसऱ्या पक्षाचा विमा बघून घ्या. गॉगल लावून उडवताना शेजारी उघड्या डोळ्यांनी बघणारा एक माणूस हवाच.


शेंडेफळ
शनिवार, रात्री ९:५०

धन्यवाद. मग तयार ड्रोन बाहेरून मागवणं सोपं नाही का?


बावधनकर
शनिवार, रात्री १०:१०

नाही. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आणि सुट्या संचाचीही आयात बंद आहे, संशोधन, संरक्षण वगैरे अपवाद सोडून. सुटे भाग मात्र आणता येतात. म्हणून तर घिरट्यांसारखे लोक टेबलावर बांधतात.


घिरट्या
शनिवार, रात्री १०:३०

बाहेरून आणता येत असतं तरी मी बांधलंच असतं. :) मामांचं शेत हिरव्यात आहे, दर वेळी नकाशा बघूनच निघतो. मामा बांधावर उभे राहून आकाशात माणूस, पक्षी, विमान काहीही दिसलं की हाक मारतात.


साइन_कोसाइन
रविवार, सकाळी ६:४०

मूळ प्रश्नाकडे येतो. रोल-यॉचा गुंता ट्यूनिंगचा नाही, भूमितीचा आहे.

मोटरा सरळ वर असतात तेव्हा डाव्या मोटरा जास्त ढकलल्या की डावी बाजू उचलली जाते, संपलं. मोटरा ३० अंश पुढे कलल्या की त्याच जादा ढकलण्याचे दोन तुकडे होतात. ०.८७ वर जातो आणि ०.५ पुढे. वर जाणारा तुकडा अंग उजवीकडे कलवतो, पुढे जाणारा डावी बाजू पुढे रेटतो, म्हणजे नाक उजवीकडे. तुम्ही लिहिलंत अगदी तेच. यॉमध्ये उलट बाजूला कलणंही याच हिशोबातून येतं, प्रॉपचा पिळही ३० अंश कललेला असतो म्हणून.

आता बीटाफ्लाइट काय करतो? त्याला कलाची काही कल्पना नाही. नाक उजवीकडे गेलेलं दिसलं की तो यॉने ते परत आणायला बघतो. पण यॉ मिळतो पिळातून, आणि पाच इंची क्वाडमध्ये तो रोलच्या ताकदीच्या मानाने फार थोडा, ढोबळ हिशोबाने पाचवा भाग धरा. रोलने नाकाला दिलेला धक्का रोलच्या ताकदीच्या निम्म्याहून जास्त. यॉ तिथे पुरा पडत नाही, मोटरा वरच्या मर्यादेला टेकतात. तुमची थरथर तिथून येते.

उचलही कमी होते हे धरून चला. ४५ अंशांवर वर जाणारा तुकडा ७१ टक्के, ६० अंशांवर निम्मा.


मुठाकाठ
रविवार, सकाळी ८:१५

पहिल्यांदा त्रिकोणमितीचा उपयोग समजला. पुढील लेखनाला शुभेच्छा.


चौघडा
रविवार, सकाळी ९:००

म्हणजे यॉ अशक्त हेच मूळ दुखणं. मग चार सर्वो हाच उपाय, नाही का?


दगडूशेठजवळ
रविवार, सकाळी ११:३०

थांबा, सर्वोंच्या आधी एक सोपी गोष्ट आहे. बीटाफ्लाइटमध्ये एफपीव्ही मिक्स डिग्रीज नावाची सोय आहे. कॅमेरा जितके अंश वर, तितका रोल आणि यॉ एकमेकांत मिसळतो. तिथे ३० घाला.


साइन_कोसाइन
रविवार, दुपारी १२:१०

@दगडूशेठजवळ, दिशा बरोबर आहे, जागा चुकली. ती सोय स्टिकच्या आज्ञा फिरवते, म्हणजे पीआयडीच्या आधी. जायरो तर जुन्याच अक्षांवर मोजत राहतो. वाऱ्याने अंग हललं की गुंता पुन्हा तसाच.

पण तुमच्यामुळे सुचलं. आपण चुकीच्या टोकाने ओढतोय. मोटरांना अंगाप्रमाणे वागवण्यापेक्षा मेंदूलाच सांगू की अंग मोटरांप्रमाणे आहे. बोर्ड तिरका बसवला असेल तर त्यासाठी अलाइन बोर्ड पिच नावाची सेटिंग असते ना? तिथे ३० अंश घातले की जायरोचे अक्ष मोटरांच्या पातळीला जुळतील. मेंदूला वाटेल, हे एक साधं क्वाड आहे आणि याचा कॅमेरा ३० अंश वर आहे. रोल म्हणजे मोटरांच्या पातळीतला रोल. डाव्या-उजव्या मोटरांतून येणारं वळण त्या पातळीत शुद्ध रोलच असतं, त्यात यॉचा अंशही नाही. कोडची एक ओळ बदलायला नको.

गॉगलमध्ये रोल देताना नाकही फिरताना दिसेल, पण कॅमेरा वर केलेलं क्वाड उडवणाऱ्या प्रत्येकाला त्याची सवय असतेच.


तीन_पंखी
रविवार, दुपारी १२:३५

उभा राहून टाळ्या. ट्रायकॉप्टरच्या दिवसांत हे कुणी सांगितलं असतं तर.


नेहा_टूलरूम
रविवार, दुपारी १:००

मग घिरट्या, सर्वो बाजूला ठेवा. ३० अंशांची पाचर छापून मोटरा कायमच्या कलत्या बसवा आणि आधी हे तपासा. हलणारं काहीच नसलं की दोष शोधायला सोपं. टूलरूममध्ये आम्ही नवा जिग असाच तपासतो, आधी घट्ट, मग चालता.


साइन_कोसाइन
रविवार, दुपारी १:२०

नेहा यांच्याशी सहमत. दोन सावधगिऱ्या. चिन्ह उलटं पडलं तर कल ३० ऐवजी ६० अंशांनी चुकेल, म्हणून प्रॉप न लावता संगणकावरच्या चित्रात आधी पाहून घ्या: क्वाड हातात धरून प्रॉप आडवे केले की चित्रातलं क्वाड आडवं दिसलं पाहिजे. आणि लेव्हल मोड लावू नका, तो मोटरांची पातळी आडवी करेल आणि अंग नाक वर करून उभं राहील.


घिरट्या
दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:४५

मंडळी, आत्ताच भोरहून आलो, हात धुतले आणि लिहायला बसलो.

पीईटीजीच्या ३० अंशांच्या पाचरी, सर्वो काढलेले, बॅटरी मधोमध. चिन्ह पहिल्यांदा उलटंच पडलं होतं, चित्रात दिसलं म्हणून वाचलो. एक नवी अडचण म्हणजे जमिनीवर अंग आडवं ठेवलं की प्रॉप पुढे बघतात आणि ते उडण्याऐवजी घसरतं. मामांनी विहिरीजवळची एक वीट आणून नाकाखाली उभी केली. नाक ३० अंश वर, प्रॉप आडवे. तिथून ते नीट वर गेलं.

आणि मग मी उजवीकडे पूर्ण रोल दिला. ते फिरलं आणि जागच्या जागी थांबलं, थरथर नाही. डावीकडे दिला, तसंच. विश्वास बसेना म्हणून सलग सहा वेळा दिला. साइन_कोसाइन, तुम्हाला भेटून चहा पाजायचाय. नेहाताई, पाचरीचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी सर्वोसकटच उडवलं असतं आणि पुन्हा ढेकळांत गेलो असतो.

सहा बॅटऱ्या उडवल्या. प्रत्येक वेळी उतरल्या उतरल्या मोटरांना बोट लावून पाहिलं. पुढच्या दोन कोमट. मागच्या दोघींवर बोट ठेवून तीन मोजेपर्यंतही धरवत नाही. नोंदीतही मागच्या दोघी सरळ वेगात असताना सतत जास्त जोर लावताना दिसतात. @वेगवेडा, तुमची खात्री खरी ठरली.

आता मागची नळी २५ मिमी वर घेतोय. ते जमलं की एका सर्वोने, आजोबांच्या दांडीने आणि रबराने दोन्ही नळ्या हलवणार. कल बदलला की बोर्डचा कोनही त्याच खुंटीवरून बदलायला हवा, त्यासाठी मात्र कोडला हात लावावाच लागेल. ती फाइल आज रात्रीच उघडतो.


वेगवेडा
रविवार, रात्री ९:०५

२५ ने भागणार नाही, ४० पर्यंत जा. आणि पुढच्या रविवारी मी येऊ का? माझ्याकडे लेझरचा तापमापक आहे, बोटं भाजून घेऊ नका.


चौघडा
रविवार, रात्री ९:२०

चार सर्वोंचं माझं मत कायम आहे, पण आधी हे. मीही येतो.


बाल्सा_आजोबा
रविवार, रात्री ९:४०

रबर सायकलच्या ट्यूबमधून कापून घे, दुकानातलं उन्हात चिरतं. नातू गाडी काढायला तयार आहे. किती वाजता निघताय?


घिरट्या
रविवार, रात्री ९:५२

आजोबा, सहाला वडगाव पुलाखाली. मामांना सांगून ठेवलंय, विटा भरपूर आहेत.